समोरासमोरचे दोन आरसे: प्रतिमांचा बोगदा मांडायचा कसा, मोजायचा कसा

लिफ्टच्या दोन्ही भिंतींना आरसे असले की आपण नकळत कडेला डोकावतो. आत आपल्याच प्रतिमांची रांग लागलेली असते. पुढे पुढे ती लहान होत जाते, अंधारते, थोडी हिरवट होते आणि शेवटी कुठेतरी वाकून दिसेनाशी होते. बहुतेक वर्णनं "अनंत प्रतिमा" या दोन शब्दांवर थांबतात. मला त्या रांगेतलं अंधारणं, हिरवट होणं आणि वाकणं जास्त मोलाचं वाटतं. एका आरशात जी चूक दिसतसुद्धा नाही, ती वीस परावर्तनांनंतर उघड होते. म्हणून हा बोगदा मी मोजमापाचं साधन म्हणून वापरतो, आणि खाली त्याच पद्धतीने तो मांडला आहे. सगळं काम घरातल्या टेबलावर एका संध्याकाळी होतं.

सामान निवडताना

एकाच मापाचे दोन सपाट आरसे घ्या. साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद पुरेत. काच ४ ते ५ मिलिमीटर जाडीची असावी. पातळ काच स्वतःच्या वजनाने किंचित वाकते आणि प्लॅस्टिकचा आरसा तर हातात धरल्या धरल्या वाकतो, त्यामुळे तो या कामाला अजिबात नको. सपाटपणा तपासायची सोपी रीत अशी: खिडकीच्या गजाचं किंवा दाराच्या चौकटीचं प्रतिबिंब अगदी तिरक्या नजरेने पाहा आणि आरसा हळूहळू सरकवा. रेघ लाटांसारखी हलली तर आरसा बाजूला ठेवा.

याशिवाय आरसे उभे ठेवायला दोन जड ठोकळे (जाड पुस्तकंही चालतील), पट्टी, कोनमापक, गुण्या, मोठा पांढरा कागद, काळं कार्डबोर्ड, टॉर्च आणि एक बाजू लाल, दुसरी निळी रंगवलेला पुठ्ठ्याचा छोटा तुकडा लागेल. हा दोन रंगी पुठ्ठा टाळू नका. मेणबत्ती किंवा खडू दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि मग कोणती प्रतिमा कुठून आली हे कळायला मार्ग उरत नाही.

आरशांच्या कडांना आधी चिकटपट्टी लावून घ्या. आणि टॉर्चऐवजी लेझर पॉइंटर वापरू नका. दोन आरशांमधून तो किरण कधी कुणाच्या डोळ्याच्या रेषेत येईल, सांगता येत नाही.

आधी किरणाचा रस्ता पाहा

बोगद्यात डोकावण्याआधी प्रकाश प्रत्यक्ष कसा जातो ते कागदावर पाहून घ्यावं. पांढऱ्या कागदावर दोन आरसे १० सेंटिमीटर अंतराने, एकमेकांना समांतर उभे करा. कार्डबोर्डला खालच्या कडेपासून वर ५ सेंटिमीटर उंच आणि २ मिलिमीटर रुंद अशी फट कापा आणि ते आरशांच्या तोंडाशी उभं करा. टॉर्च फटीपासून साधारण एक मीटर मागे, कागदापासून १० सेंटिमीटर उंचीवर धरा. खोलीत अंधार करा.

टॉर्च उंचीवर का? प्रकाश किंचित उताराने आला की कागदाला घासत जातो आणि त्याची उजळ रेघ कागदावर उमटते. टॉर्च कागदाला टेकवला तर रेघ नीट उमटतच नाही.

आता टॉर्च थोडा बाजूला सरकवून रेघ आरशावर तिरकी पडू द्या. रेघ एका आरशावर आदळून दुसऱ्याकडे, तिथून परत पहिल्याकडे, अशी नागमोडी पुढे सरकताना दिसेल. जिथे ती आरशाला लागते तिथे आरशाला लंब काढा आणि कोनमापकाने दोन्ही बाजूंचे कोन मोजा. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे येतात, हे शाळेत पाठ केलेलं असतं. मात्र आरसे समांतर असतील तर प्रत्येक आदळण्याला तोच कोन पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे रेघ दर खेपेला आरशाच्या लांबीत सारखंच पुढे सरकते.

किती सरकते? आरशांमधलं अंतर गुणिले कोनाचा टॅन. अंतर १० सेंटिमीटर आणि लंबाशी कोन २० अंश असेल तर दर खेपेला ३.६ सेंटिमीटर. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या आरशांमधून बाहेर पडण्याआधी किरण आठ वेळा आदळेल. कोन ४५ अंश केला की दर खेपेला १० सेंटिमीटर सरकून तो तीन आदळण्यांतच बाहेर. कोन जितका लहान तितके फेरे जास्त. प्रत्यक्षात पाच-सहा आदळण्यांनंतर तुमची रेघ पसरून पुसट होईल, कारण टॉर्चचा प्रकाश पूर्ण समांतर नसतो. प्रयोग बिघडला असं समजू नका.

रेघ बारकाईने पाहिलीत तर एक गोष्ट खटकेल. ती काचेच्या पुढच्या पृष्ठाशी वळत नाही, थोडी आत शिरून वळते. परावर्तन करणारा चांदीचा थर काचेच्या मागे असतो. त्या थराला आपण अजूनही "पारा" म्हणतो, कारण पूर्वी कथील आणि पारा यांचा लेप काचेमागे चढवत. काचेवर रासायनिक पद्धतीने चांदी बसवण्याची क्रिया युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये दाखवली. त्यानंतर हळूहळू आरशातला पारा गेला, पण "पारा उडालेला आरसा" म्हणणं राहिलं.

मोजताना याचा उपयोग होतो. पेन्सिलीचं टोक काचेला टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडत नाहीत, मध्ये फट राहते. ४ मिलिमीटर काचेत ही फट साधारण ५ मिलिमीटरची दिसते. काचेतून पाहिल्यामुळे थर खऱ्यापेक्षा जवळ भासतो, म्हणून ८ ऐवजी ५. तेव्हा आरशाचं "खरं" पृष्ठ काचेच्या पुढच्या बाजूपासून सुमारे अडीच मिलिमीटर आत आहे असं धरा आणि दोन आरशांमधलं अंतर मोजताना प्रत्येक आरशासाठी तेवढे मिलिमीटर मिळवा.

डोळा कुठून लावायचा

नवीन माणूस इथेच अडतो. दोन आरशांच्या मध्ये डोकं घातलं की बोगद्याचा गाभा आपल्याच डोक्याने झाकला जातो. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, एक आरसा दुसऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवायचा आणि त्याच्या वरच्या कडेवरून पाहायचं. आरसा खराब होत नाही, पण नजर तिरकी जाते, आणि मघाच्या नागमोडी रेघेप्रमाणे काही फेऱ्यांनंतर ती आरशाबाहेर सरकते. बोगदा मध्येच कापल्यासारखा संपतो.

दुसरा उपाय मला कितीतरी जास्त आवडतो. एका आरशाच्या मागच्या बाजूला मधोमध सहा मिलिमीटरचं वर्तुळ आखा आणि तेवढ्यातला रंग व त्याखालचा चांदीचा थर ब्लेडने खरवडून काढा. घाई केली तर थराचे कपचे वर्तुळाबाहेरही निघतात, म्हणून आधी वर्तुळाच्या रेघेवर ब्लेडचं टोक फिरवून कडा कापून घ्यायची आणि मग आतलं खरवडायचं. एवढ्यासाठी एक जुना आरसा खर्ची घालावा. त्या भोकातून पाहिलं की नजर अगदी लंब जाते आणि समोर खोलवर बोगदा उघडतो. शिवाय या भोकाचा आणखी एक उपयोग आहे, त्यावरच पुढची पायरी उभी आहे.

आरसे खरोखर समांतर करणं

दोन्ही आरसे ५० सेंटिमीटर अंतरावर उभे करा. चारही कोपऱ्यांत पट्टीने अंतर मोजून सारखं करा, गुण्या लावून उभेपणा तपासा. मग भोकातून पाहा.

समोरच्या आरशात तुम्हाला भोकाचं प्रतिबिंब दिसेल, त्याच्या मागे आणखी एक, त्याच्या मागे आणखी एक. आरसे समांतर असतील तर ही सगळी भोकं एकामागे एक, एकाच रेषेत लपतात. नसतील तर ती माळेसारखी एका बाजूला सरकत जातात आणि सगळा बोगदा वाकतो.

हे वाकणं किती, याचं गणित सुंदर आहे. दोन सपाट आरशांच्या पातळ्या वाढवत नेल्या तर त्या कुठेतरी एका रेषेत मिळतात. सगळ्या प्रतिमा त्या रेषेभोवतीच्या एका वर्तुळावर बसतात. आरशांमधला कोन १ अंश आणि अंतर १ मीटर असेल तर त्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ५७ मीटर येते. कोन शून्याकडे गेला की त्रिज्या अमर्याद वाढते आणि वर्तुळाचा तुकडा सरळ रेघ होतो. कोनात ठेवलेल्या आरशांचं ३६० भागिले कोन, वजा एक हे शाळेतलं सूत्र आणि समांतर आरशांच्या "अनंत प्रतिमा" ही एकच गोष्ट आहे, ती अशी.

भोकातून पाहताना कोनातली चूक जितकी, त्याच्या दसपट कोनाने दहावी प्रतिमा सरकलेली दिसते. समजा चूक अर्धा अंश आहे. ३० सेंटिमीटरच्या आरशात याचा अर्थ एका कडेला दुसरीपेक्षा अंतर फक्त २.६ मिलिमीटर कमी. पट्टी थोडी तिरकी धरली तरी एवढं निसटतं. पण दहावी प्रतिमा मात्र ५ अंश बाजूला गेलेली असते. हात लांब करून मधली तीन बोटं जोडून धरा, तेवढी जागा. ती नजरेतून सुटूच शकत नाही.

दुरुस्तीची दिशाही बोगदाच सांगतो. ज्या बाजूला आरसे एकमेकांच्या जवळ आले आहेत, त्या बाजूला बोगदा वळतो. वर वाकत असेल तर वरच्या कडा जवळ आल्या आहेत, आरसा मागे कलवा. डावीकडे वळत असेल तर डावं अंतर वाढवा. आरशाच्या खालच्या कडेशी कागदाची एक-एक घडी सरकवत गेलात की माळ हळूहळू गोळा होते, आणि एका क्षणी सगळी भोकं एकामागे एक जाऊन बसतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पोस्टकार्डाचा तुकडा पुरला होता. तो सरकवताना पुढची रांग जागच्या जागी सरळ होत गेली, आणि एवढ्याशा जाडीने एवढा फरक पडतो यावर माझा विश्वास बसेना. वरची दोन गणितं मी त्या रात्री मांडून पाहिली.

प्रतिमा मोजा, रंग तपासा

आता दोन रंगी पुठ्ठा समोरच्या आरशापासून १५ सेंटिमीटरवर, भोकाच्या रेषेच्या जरा खाली ठेवा. लाल बाजू समोरच्या आरशाकडे, निळी तुमच्याकडे. समोरच्या आरशात प्रतिमा मोजत जा: लाल, निळी, लाल, निळी.

पहिली प्रतिमा समोरच्या आरशाने थेट बनवलेली आहे. ती आरशामागे १५ सेंटिमीटरवर. दुसरी आहे प्रतिमेची प्रतिमा: जवळच्या आरशाने आपल्यामागे ३५ सेंटिमीटरवर एक प्रतिमा बनवली, समोरच्या आरशापासून ती ८५ सेंटिमीटरवर पडते, म्हणून तिची प्रतिमाही आरशामागे ८५ वर. याच हिशेबाने पुढच्या ११५, १८५, २१५ वर येतात. मधली अंतरं बघा: ७०, ३०, ७०, ३०. पुठ्ठा जवळच्या आरशापासून ३५ आणि लांबच्यापासून १५ वर आहे, त्यांची ही दुप्पट. प्रतिमा सारख्या अंतराने नाही, जोडीजोडीने उभ्या असतात. पुठ्ठा बरोबर मधोमध, २५ वर आणला की सगळी अंतरं ५० होतात आणि जोड्या सुटतात. पुठ्ठा हळूहळू सरकवत हे होताना पाहा. सूत्र वाचून जे समजत नाही ते इथे दोन मिनिटांत समजतं.

या प्रतिमा खरोखर तिथे "आहेत" का, हे तपासायचं असेल तर वरच्या कडेवरून पाहायच्या पद्धतीवर या. समोरच्या आरशाच्या मागे, आरशापासून ११५ सेंटिमीटरवर, आरशावरून वर डोकावेल अशी उंच काठी उभी करा. डोकं डावी-उजवीकडे हलवा. तिसरी प्रतिमा आणि काठी एकत्र सरकतील, एकमेकींपासून सुटणार नाहीत. काठी ९० वर आणा, लगेच दोघी वेगळ्या सरकू लागतील.

अंधारतो का, हिरवा होतो का

लांबची प्रतिमा लहान दिसते ती अंतरामुळे. पण ती काळवंडते ती अंतरामुळे नाही. रुंद पृष्ठाची उजळी लांब गेल्याने कमी होत नाही, डोळ्यात येणारा प्रकाश आणि प्रतिमेचा आकार दोन्ही एकाच प्रमाणात घटतात. उजळी खाल्ली जाते ती परावर्तनांत. आरसा दर वेळी ९० टक्के प्रकाश परत देतो असं धरलं तर दहा परावर्तनांनंतर ३५ टक्के उरतो, वीसनंतर १२, तीसनंतर ४ आणि पन्नासनंतर अर्धा टक्का. "अनंत" प्रतिमांपैकी डोळ्याला दिसणाऱ्या एवढ्याच.

हिरवटपणा पाहायला पुठ्ठ्याच्या जागी पांढरं कार्ड ठेवा आणि पहिली प्रतिमा दहाव्या-बाराव्या प्रतिमेशी ताडून बघा. दर परावर्तनात प्रकाश काच दोनदा ओलांडतो. ४ मिलिमीटरच्या काचेत वीस परावर्तनं म्हणजे १६ सेंटिमीटर काच. साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि तो लाल प्रकाश जास्त शोषतो. जाड काचेची कड बाजूने पाहिली की ती हिरवी दिसते, तोच हा रंग. रेमंड ली आणि हावियेर हर्नांडेझ-आंद्रेस यांनी २००४ मध्ये याच बोगद्याचे रंग मोजले. त्यांना साध्या आरशाचं परावर्तन ५१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या पट्ट्यात, सगळ्यात जास्त आढळलं. "आरशाचा रंग कोणता" असं कुणी विचारलं तर उत्तर हिरवट हेच, फक्त एका परावर्तनात ते डोळ्याला कळत नाही.

भिंतीवर लावायचा बोगदा करायचा असेल

मागे पूर्ण आरसा, पुढे अर्धपारदर्शक आरसा आणि मधल्या चौकटीत एलईडीची पट्टी, एवढंच त्याचं अंग. पुढच्या काचेवर अर्धपारदर्शक फिल्म लावताना काच साबणाच्या पाण्याने ओली करा आणि बुडबुडे प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे ढकला. फिल्मची बाजू आत ठेवा, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात प्रकाशाला ती काच ओलांडावी लागत नाही आणि हिरवेपणा कमी होतो.

चौकटीची खोली ४ सेंटिमीटर आणि पट्टी बरोबर मध्ये असेल तर दिव्यांच्या प्रतिमा सारख्या ४ सेंटिमीटरने आत जाताना दिसतील. पट्टी मागच्या आरशाला चिकटवली तर जोड्या दिसतील. खोलीचा भास हवा असेल तर फिल्म कमी प्रकाश बाहेर सोडणारी घ्या. आरसा ९० टक्के आणि फिल्म ८५ टक्के परावर्तन करणारी असेल तर दहा फेऱ्यांनंतर सुमारे ७ टक्के उजेड उरतो. त्याऐवजी आरसा ८८ आणि फिल्म ७० टक्क्यांची घेतली तर एक टक्कासुद्धा उरत नाही. बाहेर जास्त प्रकाश सोडणारी फिल्म घेतली की पहिली रांग झगझगीत दिसते आणि पुढे सगळं विझतं. खोलीतला उजेड चौकटीतल्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर पुढची काच साध्या आरशासारखी तुम्हालाच दाखवेल.

चौकट बंद करण्याआधी दोन्ही पृष्ठं आतून पुसा, आणि मग टॉर्च तिरका मारून पुन्हा पुसा. माझ्या पहिल्या चौकटीत आतल्या बाजूला एकच बोटाचा ठसा राहिला होता. दिवे लावल्यावर तो प्रत्येक रांगेत दिसू लागला आणि सगळे स्क्रू पुन्हा काढावे लागले.

आत प्रकाश कोंडता येईल का?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. दिवा विझवला तर दोन आरशांमधला प्रकाश तिथेच फिरत राहील का? राहतो, पण किती वेळ ते पाहा. प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. एक मीटर अंतरावरच्या आरशांमध्ये तो सेकंदाला जवळपास ३० कोटी वेळा आदळेल. ९० टक्क्यांच्या आरशात शंभर आदळण्यांनंतर त्यातला लाखात तीन भागही उरत नाही, आणि त्या शंभर आदळण्यांना लागतात अवघे ३३३ नॅनोसेकंद.

आरसे सुधारले की हा काळ वाढतो. शार्ल फाब्री आणि आल्फ्रेद पेरो यांनी १८९९ मध्ये समांतर, अर्धवट चांदी चढवलेल्या काचांमधून प्रकाशाचे रंग बारकाईने वेगळे करणारं उपकरण मांडलं. थिओडोर मैमन यांच्या १९६० च्या पहिल्या लेझरमध्ये माणकाच्या कांडीची दोन समांतर टोकं हेच आरसे होते. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेत ४ किलोमीटरच्या भुजेत प्रकाश सुमारे ३०० वेळा ये-जा करतो. आणि सर्ज अरोश यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत जेमतेम तीन सेंटिमीटरवर ठेवलेल्या, अतिथंड नायोबियमच्या दोन आरशांमध्ये सूक्ष्मलहरींचा एकेक फोटॉन, म्हणजे त्यांचा सर्वांत लहान कण, सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त काळ टिकला. हे आरसे मात्र सपाट नव्हते, किंचित अंतर्वक्र होते, म्हणजे फोटॉन कडेने निसटत नाही. तेवढ्या वेळात तो जवळपास ४०,००० किलोमीटर फिरतो, पृथ्वीच्या परिघाएवढा. अरोश यांना २०१२ चं नोबेल डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत मिळालं ते अशाच कामासाठी.